वास गॅरेजपर्यंत पोचत नाही

गाडीचे बहुतेक बिघाड स्वतःहून समोर येतात. टायर बसला की दिसतो, बॅटरी उतरली की गाडी चालूच होत नाही, इंजिन तापलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. जळका वास मात्र दाखवायला न्यावा तोवर निघून गेलेला असतो. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावताना तो येतो, सकाळी गार झालेली गाडी गॅरेजमध्ये जाते, मेकॅनिक बॉनेट उघडून वाकून बघतो आणि सांगतो, "मॅडम, काही नाही, बिनधास्त चालवा." नाहीतर एखादा महागडा भाग सुचवतो. दोन्ही वेळा तो अंदाजच करत असतो, कारण ज्या क्षणी वास आला तेव्हा तो तिथे नव्हता. तिथे आपण होतो.

मला हे माझ्याच गाडीने शिकवलं. आम्ही ठाण्यात खोपटला राहतो, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझं काम डोंबिवलीच्या एमआयडीसीत. जाण्यायेण्याचा रस्ता कळव्याचा पूल, मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि पुढे कल्याण-शीळ रस्ता. बायपासच्या चढावर पुढेमागे कंटेनर, मध्ये आपली छोटी गाडी, हात-दोन हात पुढे सरकायचं आणि थांबायचं. शिळफाट्याला मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि चारी बाजूंनी घुसणारी वाहनं. गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, वॉरंटी केव्हाच संपलेली, पण सर्व्हिसिंग वेळेवर होत आलेलं.

पावसाळा सरत आला तेव्हा वास सुरू झाला. घरी येऊन गाडी लावली, इंजिन बंद केलं, डिकीतून सामान काढलं, की तोवर बॉनेटच्या बाजूने करपल्यासारखा, घशाला लागणारा वास यायचा. थोड्या वेळाने तो विरायचा. रस्त्यात गाडी वेगात असताना कधीच नाही. एकदा आई बरोबर होती. ती म्हणाली, "अगं, काहीतरी जळतंय. तू रोज या वासात बसतेस?" डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता, गाडीची ओढ नेहमीसारखी होती, तापमानाचा काटा मधोमध होता.

पहिल्या गॅरेजने गाडी गार असताना बघितली आणि निदान केलं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मुंब्रा बायपासवर रोज अर्धा क्लच धरावा लागतो हे त्यांना मीच सांगितलं होतं, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. खर्चही तसाच मोठा होता. हो म्हणण्याआधी मी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना विचारलं. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी एक प्रश्न विचारला: "पोरी, वास चढावर येतो की घरी आल्यावर?"

घरी आल्यावर, मी म्हणाले.

"मग क्लचला हात लावू देऊ नकोस. क्लच जळतो तो ओढताना. वास चढावरच नाकात शिरतो. तुझी गाडी उभी राहिल्यावर बोलतेय. उभी राहिल्यावर काय तापतं ते बघ."

पुढचं सगळं या एका प्रश्नातून उलगडत गेलं, म्हणून त्यामागचं कारण आधी सांगते. गाडी धावत असते तेव्हा समोरून येणारी हवा इंजिनावरून जाते आणि उष्णता व वास दोन्ही मागे उडवून नेते. गाडी थांबून इंजिन बंद झालं की ही हवा थांबते, कूलंट फिरवणारा पंपही थांबतो. पण सायलेन्सरचा इंजिनाला जोडलेला भाग, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, अजून काही शे अंशांवर असतो. त्याची उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि काही मिनिटं तिथलं तापमान उतरण्याऐवजी चढतं. मॅनिफोल्डवर तेलाचा थेंब, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा सुकलेलं पान पडलेलं असेल, तर त्याचा वास नेमका तेव्हा येतो. वास कधी येतो यावरून तो कुठून येतो, याचं निम्मं उत्तर मिळतं.

काकांनी मला एक छोटी वही करायला लावली. चार रकाने: कधी, कुठून, कसला, किती वेळ. आणखी दोन गोष्टी प्रत्येक वेळी टिपायच्या: एसी चालू होता का, आणि हवेचं बटण बाहेरची हवा आत घेण्यावर होतं की आतलीच फिरवण्यावर. वही भरू लागली तसं चित्र स्पष्ट झालं. राम मारुती रोडपर्यंत जाऊन आलं की वास नाही. डोंबिवलीहून आलं की हमखास. कॅडबरी नाक्याच्या सिग्नलला बराच वेळ अडकलं आणि बाहेरची हवा आत येत असेल तर गाडीतही येतो. आतली हवा फिरत असेल तर येत नाही, म्हणजे उगम बॉनेटखाली, काचेसमोरच्या जाळीच्या जवळ, जिथून गाडी बाहेरची हवा ओढते. चारही चाकांजवळ वाकून बघितलं, तिथे काही नाही. आणि सपाट जागेवर, गार इंजिनात डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घातली तेव्हा तेल खालच्या खुणेला टेकलेलं. सर्व्हिसिंगला तेल पूर्ण भरलं होतं आणि जमिनीवर तर एक डाग नव्हता. मग तेल जात कुठे होतं? जळत होतं.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या गॅरेजला गेलो, तेही गाडी भरपूर चालवून, गरम असताना. तिथल्या मेकॅनिकने वही वाचली, टॉर्च घेतला आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला, काचेकडे प्रकाश टाकला. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, जिथे बसतं तिथलं पॅकिंग कडक होऊन आक्रसलं होतं. त्यातून झिरपणारं तेल खालच्या मॅनिफोल्डवर पडून तिथेच जळत होतं. म्हणून जमिनीवर डाग नव्हता. क्लच ठणठणीत होता.

पॅकिंग बदललं, वास गेला. काही दिवसांनी मी पुन्हा टॉर्च मारला तर कव्हरची कड परत ओलसर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॅकिंग सुटण्याचं कारण वय होतंच, पण आतला दाबही होता. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू इंजिनाच्या खालच्या भागात उतरतच असतो. तो परत इंजिनाच्या श्वासात ओढून घेण्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गॅरेजवाले त्याला पीसीव्ही किंवा ब्रीदर व्हॉल्व्ह म्हणतात. थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत, आणि इंजिन नीट तापायच्या आतच संपणाऱ्या फेऱ्यांमध्ये, ओलावा आणि तेलाची वाफ मिळून चिकट गाळ धरतो आणि हा व्हॉल्व्ह चोंदतो. मग कोंडलेला दाब जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तो व्हॉल्व्ह बदलला, नळी साफ केली, पॅकिंग पुन्हा बसवलं, तेव्हा गळती थांबली. व्हॉल्व्ह आणि पॅकिंग दोन्ही मिळून आलेला खर्च क्लचच्या खर्चापुढे किरकोळ होता. मॅनिफोल्डवर आधीच सांडलेलं तेल जळून संपेपर्यंत थोडे दिवस हलका वास येत राहिला. तो रोज कमी होत गेला. दुरुस्तीनंतर वास लगेच गेला नाही म्हणून घाबरू नये, पण तो कमी होतोय की तेवढाच आहे, यावर लक्ष ठेवावं.

आता हे माझ्यापुरतं न ठेवता, जे शिकले ते सगळ्यांच्या उपयोगाला यावं म्हणून वासांनुसार मांडते.

तेलाचा वास. करपलेला, जड, घशाला लागणारा. गाडी उभी केल्यावर वाढतो, कधी बॉनेटच्या फटीतून निळसर पांढरा धूर दिसतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तेलाच्या फिल्टरचं सील, तेल भरायचं झाकण नीट न बसणं ही नेहमीची कारणं. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर फिल्टर बदलताना सांडलेलं तेलही असू शकतं, ते एक-दोन लांब फेऱ्यांत जळून जातं. डिपस्टिक आठवड्यातून एकदा बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईट, जादा तेल फेसाळतं आणि सीलवर दाब आणतं.

क्लचचा वास. तिखट, जळक्या कागदासारखा. चढावर, वाहतुकीत इंचाइंचाने सरकताना, गाडी मागे घेताना येतो. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर किंवा मुंब्रा बायपासवर तो आला तर आधी आपली सवय तपासा. अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. पुढच्या गाडीला थोडी मोकळी जागा सोडा आणि ती पुरेशी पुढे गेल्यावर एकदम पूर्ण क्लच सोडून निघा. क्लच खरंच घसरतोय का हे बघायची सोपी रीत: मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सावकाश जात असताना ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट झिजली आहे. आवाज आणि वेग बरोबरीने वाढले, तर गिअरबॉक्स उतरवायची घाई नको.

ब्रेकचा वास. झोंबणारा, रासायनिक, आणि एखाद्याच चाकाजवळ तीव्र. गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न टेकवता नेऊन बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही. कॅलिपरचा पिस्टन गंजला असेल, पिना सुकल्या असतील किंवा हँडब्रेकची केबल अडकली असेल. आपल्याकडे हे पावसात फार होतं. वंदना टॉकीजजवळ पाणी साचलं आणि त्यातून गाडी काढली, तर पुढे गेल्यावर हलके ब्रेक मारत ते सुकवा, आणि शक्य असेल तेव्हा त्या रात्री हँडब्रेक घट्ट ओढून ठेवण्याऐवजी सपाट जागी गाडी गिअरमध्ये लावा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात.

घाट उतरताना येणारा ब्रेकचा वास ही वेगळी आणि जास्त गंभीर बाब. आपण कल्याण-मुरबाडवरून माळशेजला जातो, नाशिकहून कसारा घाट उतरून येतो. जो गिअर चढताना लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे गाडी इंजिनाच्या जोरावर रोखली जाते. न्यूट्रलमध्ये कधीही नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं तर पॅड तापतात आणि त्यांची पकड घटते. त्यातच ब्रेक ऑइल जुनं असेल तर धोका दुप्पट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रकाराचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. ठाण्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी ते दर दोन वर्षांनी बदलून घ्यावं. घाटात वास आला तर सुरक्षित जागी थांबा, ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

गोडसर वास. हा कूलंटचा. त्यातल्या ग्लायकॉलमुळे तो गोड लागतो. रेडिएटर, होज पाईप, पाण्याचा पंप यांपैकी कुठेतरी गळती आहे. गाडीच्या आत, हीटरच्या बाजूने येत असेल आणि काचेवर आतून चिकट थर बसत असेल तर हीटरची कोअर गळतेय. तापमानाचा काटा वर जात असेल तर ताबडतोब थांबा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून चेहरा, हात भाजतात. कूलंट विषारी आहे, चवीला गोड असल्याने कुत्रीमांजरी ते चाटतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच धुऊन काढा.

रबराचा वास. बहुधा बेल्टचा. बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज, विशेषतः एसी लावताना किंवा पाण्यातून गेल्यावर. बेल्ट ढिला किंवा चिरलेला, किंवा तो ज्या पुलीवर फिरतो तिचं बेअरिंग जाम. आल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसर अडकला तरी बेल्ट घासून जळतो. बेल्ट तुटला तर बऱ्याच गाड्यांत चार्जिंग जातं आणि काहींमध्ये पाण्याचा पंपही थांबतो, म्हणून हे पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नये.

वायरचा, वितळत्या प्लॅस्टिकचा वास. या वासाला एक मिनिटही देऊ नका. थांबा, इंजिन बंद करा, उतरा. आग लागण्याआधी हाच वास येतो. यामागे पुष्कळदा बाहेरून बसवलेलं सामान असतं: मोठा हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टीम, मागून जोडलेला कॅमेरा. साधा हिशोब बघा. कंपनीने दिलेला ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याच्या जागी १०० वॅटचा लावला तर तो आठ अँपिअरच्या पुढे जातो, आणि वायर मात्र जुनीच, बारीक. ती तापणारच. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा घालणं हा त्याहून वाईट उपाय. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जिथे लाल होता तिथे लालच बसला पाहिजे. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी.

सडक्या अंड्यासारखा वास. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडला असेल किंवा इंधन नीट जळत नसेल तर मागून येतो. बॉनेटखालून आला तर बॅटरी बघा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. त्याहून खूप जास्त असतील तर आल्टरनेटर बॅटरीला अति चार्ज करतोय. अशा बॅटरीजवळ काडी, सिगारेट, ठिणगी काहीही नको.

पेट्रोल किंवा सीएनजीचा वास. हा जळका नाही, पण या यादीत तो असायलाच हवा. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन त्यात मिसळतात. पार्किंगमध्ये असा वास आला तर गाडी चालू करू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. दारं उघडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा, लोकांना दूर करा. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी सक्तीची आहे. सेकंडहँड गाडी घेताना सिलिंडरवरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

घाबरण्याचं कारण नसलेले वासही आहेत. नवे ब्रेक पॅड सुरुवातीला थोडे वास मारतात. नव्या सायलेन्सरवरचा रंग तापून उडतो. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्या (हे मानक नव्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून देशभर सक्तीचं झालं) आपल्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंशांवर जाळतात, तेव्हा गाडीखालून तापलेल्या धातूचा वास येतो आणि पंखा जोरात चालतो. आणि रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळणं हे तर आपल्या शहरात नेहमीचं. गाडी गार झाल्यावर वाकून बघा, लाकडी काठीने खरवडा.

उंदरांबद्दल वेगळं लिहावं लागेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, कोरड्या उबदार जागेच्या शोधात ते बॉनेटखाली शिरतात. चिंध्या, सुकी पानं, पावाचे तुकडे नेमके मॅनिफोल्डजवळ साठवतात आणि वायरी कुरतडतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी बॉनेट उघडून बघा. काचेखालच्या जाळीत अडकलेला पाचोळा दर आठवड्याला काढा. गॅरेजमधून गाडी आणतानाही तसंच बघा, कधी पुसायचं फडकं आत राहून जातं.

बाहेरून जोडलेलं सामान आणि सायलेन्सरजवळचा कचरा या दोन गोष्टींवर मी एवढा जोर देते, त्यामागे एक जुनी घटना आहे. मार्च २०१० मध्ये आपल्या शेजारच्या मुलुंडला, शोरूममधून घरी नेली जाणारी नवी कोरी नॅनो पेटली. आतली माणसं वाचली, पण गाडी जळून गेली. इतर ठिकाणीही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्यावर टाटा मोटर्सने तपासणी करवली आणि सांगितलं, की गाडीच्या रचनेत सरसकट दोष नाही. त्या त्या गाडीत जादा विजेचं उपकरण बसवलेलं होतं किंवा एक्झॉस्टवर बाहेरचा पदार्थ आढळला. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकल्या गेलेल्या सुमारे ७० हजार नॅनोंच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून द्यायचं ठरवलं. गाडी नवी असो की जुनी, उष्णता आणि जळणारी वस्तू एकत्र आली की काय होतं ते त्यातून दिसलं. आणि कंपनीकडून काही सुधारणा मिळत असेल तर ती करून घ्यावी, हेही.

त्यासाठी आता नियमही आहे. १ एप्रिल २०२१ पासून, सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांमध्ये सुरक्षेचा दोष आढळला तर केंद्र सरकार कंपनीला त्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकतं. त्याआधीपासून कंपन्या स्वतःहूनही परत बोलावतात. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपल्या गाडीसाठी असं काही जाहीर झालंय का, ते बघता येतं. हे काम मोफत होतं. जळक्या वासावर पैसे खर्च करण्याआधी हे एकदा बघून घ्या. विम्याचाही विचार करा: फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आगीत जळालेल्या स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. बाहेरून सीएनजी किट किंवा मोठं विजेचं सामान बसवलं असेल तर ते विमा कंपनीला कळवा.

चालत्या गाडीत वासाबरोबर धूर दिसला, तापमानाचा दिवा लागला किंवा वायर जळाल्यासारखं वाटलं, तर हा क्रम पाठ ठेवा. इंडिकेटर देऊन डावीकडे या. इंजिन बंद करा. सगळे डाव्या बाजूने उतरा, मुलं आणि वयस्कर माणसं आधी. गाडीपासून बरंच लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहा. सामानासाठी परत जाऊ नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते उचलू नका, एकदम हवा मिळून भडका उडतो. गाडीत एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक असेल तर सुरुवातीच्या लहान आगीवरच वापरा, बॉनेटच्या फटीतून. आग वाढली तर मागे हटा. अग्निशमन दलासाठी १०१, कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे आकडे फोनमध्ये साठवून ठेवा आणि काच फोडायची छोटी हातोडी हाताशी येईल अशी ठेवा, वायरिंग जळालं की सेंट्रल लॉक कधी कधी उघडत नाही.

गॅरेजमध्ये काय करायचं, तेही थोडक्यात. गाडी गरम असताना न्या, किंवा मेकॅनिकला बरोबर घेऊन ज्या रस्त्यावर वास येतो तिथेच फेरी मारा. "वास येतो" एवढंच सांगू नका. "डोंबिवलीहून आल्यावर, इंजिन बंद केल्यानंतर, काचेकडच्या बाजूने, तेलासारखा, थोड्या वेळात जातो" असं सांगा. काय बदलणार आणि का, हे विचारा. गळतीची जागा बघितल्याशिवाय मोठा भाग उतरवायला हो म्हणू नका. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि स्वतः हातात घेऊन बघा. गळती असलेली जागा आधी साफ करून घ्या, म्हणजे काही दिवसांनी टॉर्च मारल्यावर नवी ओल लगेच दिसेल. आणि "गळती का झाली?" हा प्रश्न कायम विचारा. माझ्या गाडीत नुसतं पॅकिंग बदलून भागलं नव्हतं, दाब कोंडण्याचं कारण दूर झालं तेव्हाच काम पुरं झालं.

मेकॅनिकशी हे भांडण नाही. खोपटच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या छोट्या गॅरेजांमध्ये कमालीचे हुशार हात आहेत. पण त्यांच्यापुढे गार गाडी आणि अर्धवट माहिती ठेवली तर ते अंदाजच करणार. आपण नेमकं सांगितलं तर तेच हात दहा मिनिटांत दोष शोधतात, हे मी बघितलं आहे.

म्हणून एक छोटी वही किंवा फोनमधली एक नोंद आजच उघडून ठेवा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलामुलीलाही, तिची सवय लावा. त्यांना हेही सांगा, की जळका वास आला तर ऑफिसला उशीर होईल, मागची गाडी हॉर्न मारेल, असा विचार करून पुढे रेटू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, उतरा, आणि वास कुठून, कसला, कधी आला ते टिपून ठेवा.